बेबाबाईकडे ठेवलेलं प्रस्थान

२१ एप्रिल, रविवार

नऊ किलो तूरडाळ पाठीवर घेऊन मेहरूण तलावाला दोन चकरा! लोक वळून वळून बघत होते. बघू देत. कहकशा सकाळच्या एसटीनं धुळ्याहून जळगावला आली. तिच्या सॅकमध्ये डाळ नव्हती, चौथीच्या पोरांच्या जुन्या वह्या होत्या. शिक्षिका असल्याचा एवढाच फायदा, म्हणाली. दुसऱ्या चकरेला माझे खांदे गेले. ती पुढं, मी मागं धापा टाकत. भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समधून शाळेत जायचो तेव्हाही असंच. शेजारशेजारची दारं होती आमची, दोघींचे बाबा रेल्वेत, आणि भांडणं सगळी एका नळावरून.

बारा दिवस उरले. ३ मेला निघायचं, १३ जूनला परत. ऋषिकेश, शिमला, किन्नौर, काझा, मग मनालीवरून खाली. हे दहावीत ठरवलं होतं. चौतिसाव्या वर्षी जमतंय! बकरी ईदनंतर तिचा निकाह आहे, मग ती हैदराबादला जाणार. आत्ता झालं तर झालं.

आणि मला तिला ते सांगायचंय. इथं नाही. वर गेल्यावर, पंधरा दिवस सोबत चालून झाल्यावर. आज लिहूनच टाकते, म्हणजे मागं फिरता येणार नाही — हसनैनचं स्थळ मी मोडलं.

हसनैन भुसावळचा, वीज केंद्रात इंजिनिअर. तीन वर्षांपूर्वी सांगून आला होता आणि कहकशाला मनापासून आवडला होता. त्याची बहीण माझ्या ओळखीची. तिला मी सहज बोलल्यासारखं म्हणाले, "कहकशाला लग्नच नकोय गं, घरचे मागं लागलेत." आठ दिवसांत नकार आला. कहकशा महिनाभर धड जेवली नाही आणि मी तिच्या उशाशी बसून समजूत घालत होते! का केलं? ती गेली की मी एकटी पडेन म्हणून. दुसरं काही कारण नाही. नालायक बाई आहे मी.

२५ एप्रिल, गुरुवार

बूट चावतायत. डावा जास्त. आई म्हणते खोबरेल लाव. ऊन चव्वेचाळीस.

२८ एप्रिल, रविवार

आईनं पंचांग काढलं आणि डोक्याला हात लावला. ३ तारीख प्रवासाला अजिबात चालत नाही! मी म्हटलं, मग रेल्वेला कळव तसं. तर म्हणे, "त्याची सोय असते. प्रस्थान ठेवू."

लहानपणी ऐकलं होतं, विसरूनही गेले होते. निघायचा दिवस वाईट असला, तर आधीच्या चांगल्या दिवशी आपलं काहीतरी गाठोड्यात बांधून, जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. प्रवास त्याच दिवशी सुरू झाला असं धरतात. मग ठरल्या दिवशी निघायचं, वाटेत गाठोडं उचलायचं आणि चालू पडायचं. वाईट दिवसाला फसवायची युक्ती! मला आवडली.

पिवळं फडकं, मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि अंगावरची एकेक वस्तू. मी बाबांचं घड्याळ दिलं. ते गेल्यापासून माझ्याच मनगटावर असतं. कहकशा आलेलीच होती, तिनं बोटातली चांदीची अंगठी दिली. आई दोन गाठोडी बांधायला बसली, "एकीचं एक असतं" म्हणाली. कहकशा म्हणाली, "काकू, आम्ही सोबतच तर चाललोय!" मग एकच बांधलं. तिनं अम्मीला फोन करून विचारलं, चालेल ना? अम्मी म्हणाली, दुआच आहे ना, कुणाच्याही घरी ठेवा.

उत्तरेला, गल्लीच्या टोकाला बेबाबाईचं घर. सत्तरीची बाई, एकटी राहते, पापड लाटून विकते. मूळची पारोळ्याकडची, बोलणं सगळं अहिराणी. तिनं गाठोडं पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि आमच्याकडं बघून म्हणाली, "आते तुम्ही गयात बरं का. गाठ सोडानी नही." आता तुम्ही गेलात, गाठ सोडायची नाही! कहकशानं मला कोपरानं ढोसलं. "गेलो तर मग आता घरी कशाला चाललोय, मावशी?" बेबाबाई हसली नाही.

३० एप्रिल, मंगळवार

पापड आणायला गेले. बेबाबाई म्हणते, "भलत्या बोलतस व त्या दोन्ही." फार बोलतात? कोण दोघी? तिनं पाटाकडं बोट केलं. "दिनभर खिदळतस."

वय झालं बिचारीचं. उडदाचे पापड मात्र अजून झकास लाटते.

१ मे, बुधवार

सत्यानाश! कहकशाला इलेक्शन ड्युटीची ऑर्डर आली. धुळ्याचं मतदान २० तारखेला, त्याआधी ट्रेनिंग. यादीत नाव नाही म्हणून हेडसरांनी छातीठोक सांगितलं होतं. भैताड माणूस! उद्या ती नाव काढायचा अर्ज देणार आहे, दुपारी फोन करते म्हणाली. काही निघत नाही नाव. म्हणजे २१ शिवाय हलता येणार नाही. मी साहेबांना मेसेज टाकला — रजा पुढं ढकला, परवा कामावर येते. ठिबक सिंचनाच्या नळ्यांचे नकाशे माझ्यावाचून अडून बसलेत जसे काही.

संध्याकाळी बेबाबाईकडं गेले. म्हटलं, वीस दिवस बाबांचं घड्याळ तिथं कशाला? त्याच्याशिवाय मनगट उघडं वाटतं. कहकशाची अंगठीही तिथं पडून राहणार, हरवली तर? बेबाबाई गच्चीवर पापड गोळा करत होती. मी गाठ सोडली, दोन्ही वस्तू काढल्या, गाठोडं होतं तसं बांधून ठेवलं. आईला बोलले नाही. तिची कटकट कोण ऐकणार!

२ मे, गुरुवार

दुपारी कहकशाचा फोन यायचा होता. आला नाही.

आई दुपारभर बाहेरच्या खोलीत कुणाशी तरी बोलत होती. मोठमोठ्यानं हसत होत्या. मी आतून विचारलं, कोण आलंय? उत्तर नाही. बाहेर आले तर आई एकटीच, दशम्या गुंडाळत बसलेली.

३ मे, शुक्रवार

विचित्र दिवस. ऑफिसात मशीननं अंगठा घेतला नाही, आठ वेळा लावला. टेबलावर बसले तर शिपाई आला आणि माझ्या डोक्यावरचा पंखा बंद करून गेला! मी ओरडले, "अरे, मी बसलेय ना इथं!" वळूनही पाहिलं नाही. साहेब फोनवर कुणाला तरी सांगत होते, "मयुरी मॅडम आजपासून रजेवर." मी दारात उभी राहून हात हलवत होते. रजा पुढं ढकलल्याचा राग असेल, म्हटलं. असे राग करतात का माणसं?

घरी आले. सॅक नाही. बूट नाहीत. चार्जरला लावलेला मोबाईल नाही. चोरी! आईला हाका मारल्या, ती भाजी निवडत होती. "आई, सॅक कुठंय माझी?" ती देठ मोडत राहिली.

४ मे, शनिवार

सगळं नीट लिहिते. लिहिल्याशिवाय मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी अकरा वाजता आईच्या मोबाईलवर फोन आला. तिनं तो स्पीकरवर टाकला, हाताला पीठ होतं म्हणून. आणि पलीकडून मी बोलले.

"आई, पोचलो गं दिल्लीला. जेवलो. तुझ्या दशम्या कहकशानंच संपवल्या."

माझा आवाज. मी "गं" म्हणते तसाच "गं". मागं कहकशा हसतेय. आई म्हणाली, "पाणी उकळलेलंच पी, मयुरी." मी आईच्या समोर दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मी तिचा खांदा धरला, हलवला. तिनं फक्त पदरानं मान पुसली.

मला वेड लागलंय का? वेड्या माणसाला असं विचारता येतं का?

५ मे, रविवार

धुळ्याला आले. एसटीत कंडक्टरनं माझ्या मांडीवर तिकिटांची पेटी टेकवून पुढच्या बाईला तिकीट दिलं. मला विचारलंच नाही. एरंडोल, पारोळा, कुणी शेजारी बसायलाही आलं नाही. गाडी भरलेली होती, लोक उभे होते आणि माझ्या शेजारची जागा रिकामी. मी खिडकीला गच्च धरून बसले. कहकशाही मला बघणार नाही, ही एकच भीती.

दार उघडंच होतं. कहकशा ओट्यावर बसली होती, गुडघ्यांत डोकं घालून. मी म्हटलं, "कहक." तिनं वर पाहिलं आणि किंचाळली.

"तू मला दिसतेस?"

"दिसतेस म्हणजे काय! केवढी मोठी दिसतेस!"

मग जी रडलो दोघी, जी रडलो! तिच्या घरी तेच. परवापासून अम्मी ताट मांडत नाही. तिची सॅक गेली, बूट गेले. अम्मी शेजाऱ्यांना सांगते, पोरगी पहाडावर गेली फिरायला. कहकशा म्हणाली, "यार, फिरायला गेलेली मी मजा करतेय आणि इथली मी उपाशी!" रडतारडता हसू आलं. स्वयंपाकघरात जाऊन दोघींनी उभ्यानं शेवभाजी खाल्ली. अम्मी पातेल्यात डाव घालत होती, अर्धी भाजी कमी झालेली तिला कळली नाही. कहकशाची अम्मी, आमची हुस्नबानो खाला, म्हणजे काय बाई! एरवी वाटीभर तेलाचा हिशोब तोंडपाठ असतो.

तिची अंगठी तिच्या बोटात घातली. बसली.

७ मे, मंगळवार

आज कहकशाचं ट्रेनिंग. मीही गेले सोबत. मोठा हॉल, कूलर, मास्तरमास्तरणींची गर्दी. नावं पुकारली. कहकशाचं नाव आलंच नाही. ती टेबलाशी जाऊन ऑर्डर दाखवत होती, साहेब तिच्या पलीकडच्या माणसाशी बोलत होते. मी वाकून यादी पाहिली. तिच्या नावावर रेघ होती आणि पुढं लाल शाईत — रद्द, दि. २ मे.

म्हणजे २ तारखेलाच ड्युटी रद्द झाली. आणि कुणीतरी ३ ला ठरल्याप्रमाणं निघून गेलं.

बाहेर लिंबाखाली बसलो. कहकशा हळूच म्हणाली, "मग आपण कोण?"

९ मे, गुरुवार

जळगावला आलो दोघी. सरळ बेबाबाईच्या घरी. पाट रिकामा. गाठोडं नाही.

बेबाबाई डोळे बारीक करून आमच्या दिशेला बघत राहिली. नीट दिसत नसावं, पण कान टवकारले तिनं. "कोन शे?" मी म्हटलं, मावशी, मयुरी. ती पाटाजवळ सरकून बसली.

"तुम्ही तं ली गयात ना गठुडं. शुक्कीरवारले. दोन्ही उन्यात, पाया पडन्यात, गयात." शुक्रवारी आम्हीच येऊन घेऊन गेलो म्हणे. मग मी सांगून टाकलं — गाठ सोडली होती. घड्याळ काढलं, अंगठी काढली, परत बांधलं.

तिनं रिकाम्या पाटावरून हात फिरवला. मग म्हणाली ते मराठीत लिहिते. प्रस्थान ठेवलं म्हणजे माणूस निघालं. निघालेल्या माणसातलं अर्धं काढून घरी नेलं, तर अर्धं घरी राहतं. मोडायचं असतं तर सगळं मोडायचं होतं, तांदूळ पाखरांना टाकायचे आणि नव्यानं बांधायचं. "तू तं निम्मं काढं, निम्मं ठी दिन्हं."

मी विचारलं, आता काय करायचं? तिनं मान हलवली. माहीत नाही म्हणाली. असं कुणी केलेलं तिनं ऐकलं नाही.

रस्त्यात कहकशा म्हणाली, "घड्याळासाठी, मयुरी? एका घड्याळासाठी?"

१० मे, शुक्रवार

आज आखाजी, अक्षय्य तृतीया. गल्लीत झोके बांधलेत, माहेरवाशिणींची गाणी सकाळपासून. आमच्या घरात आई एकटी.

मला रात्रीपासून एकच धास्ती होती. आखाजीला गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. आई सकाळी न्हाऊन घागरीपाशी बसली तेव्हा मी दाराला धरून उभी होते. तिनं एक घागर भरली. वर खरबूज ठेवलं, सांजोरी ठेवली, आंबा ठेवला. मग चुलीच्या निखाऱ्यावर घास टाकताना बाबांचं नाव घेतलं, आजीआजोबांचं घेतलं. मी ऐकत होते. माझं नाव घेतलं नाही.

एकच घागर! म्हणजे मी मेलेली नाही. पळत आतल्या खोलीत जाऊन कहकशाला सांगितलं. तीही खूश झाली. काय दिवस आलेत, या गोष्टीवर आम्ही खूश होतोय.

आईनं सगळं आटोपल्यावर जास्तीची सांजोरी डब्यात बाजूला काढली. "मयुरी आल्यावर" म्हणाली, स्वतःशीच. मी तिथंच उभी होते.

१२ मे, रविवार

सांगितलं.

वर जाऊन सांगायचं होतं, पण आता वर कुठलं! घरात आई फोनवर बोलते ते ऐकवत नाही, म्हणून आम्ही एसटीत बसून कुठंही उतरतो. आज पारोळ्याला उतरलो. भर दुपारी किल्ल्यात गेलो. पंचेचाळीस डिग्री. आत चिटपाखरू नाही, दोन शेळ्या होत्या सावलीला. कहकशा बुरुजाच्या भिंतीला टेकून पाय पसरून बसली आणि म्हणाली, "खरं सांगू? मला तू असलीस की या सगळ्याचं एवढं भय वाटत नाही."

हे ऐकल्यावर माझ्यानं राहवेना. तिला माझ्याशिवाय दुसरं कुणी बघत नाही आणि मी तिच्यापुढं खोटी बसलेय! मी म्हटलं, "कहक, हसनैनचं स्थळ मी मोडलं. त्याच्या बहिणीला खोटं सांगितलं. तू जाशील म्हणून भीती वाटली मला."

ती माझ्याकडं बघत राहिली. शेळ्या उठून दुसऱ्या सावलीत गेल्या. मग ती उठली आणि पायऱ्या उतरून चालायला लागली. मी मागं धावले. एसटी स्टँडवर ती धुळ्याच्या गाडीत चढली. मी चढायला गेले तर तिनं माझ्याकडं नुसतं पाहिलं आणि मी खाली उतरले.

१३ मे, सोमवार

आज जळगावचं मतदान. काही सुचेना म्हणून शाळेत जाऊन रांगेत उभी राहिले. माझ्यातून गेल्यासारखी रांग पुढं सरकली. टेबलाशी जाऊन बोट पुढं केलं. शाईवाल्या बाईनं जांभई दिली.

कहकशा आली नाही.

१४ मे, मंगळवार

आता मला बघणारं कुणीच नाही. दिवसभर आरशासमोर बसले, मी मला दिसते. आईच्या मागं मागं फिरले. तिनं कढी केली, मी शेजारी बसून खाल्ली. तिला सगळं सांगितलं, हसनैनचंसुद्धा. ती टीव्ही बघत होती.

हेच होईल म्हणून भीत होते आणि हेच केलं स्वतःच्या हातानं. तीन वर्षांपूर्वी एकटं पडायला नको म्हणून पाप केलं, आणि आता जगात कुणी एवढं एकटं नसेल!

१६ मे, गुरुवार

दुपारी दोन वाजता दार वाजलं. आईला ऐकू आलं नाही म्हणून मी उठले. दारात कहकशा. डोळे लाल, चप्पल तुटलेली.

आत आली, दार लावलं आणि सुरू झाली. बाप रे! "तीन वर्षं तू माझे डोळे पुसलेस! कुठल्या तोंडानं पुसलेस?" उशी फेकली. पाण्याचा तांब्या फेकला. "मी स्वतःला दोष देत होते! वाटायचं माझ्यातच काही कमी आहे!" मी तांब्या उचलून ठेवला. "बोल ना!" मी म्हटलं, काय बोलू, तू म्हणतेस ते सगळं खरंय. "मग खोटं तरी बोल काही!" आई पलीकडच्या खोलीत घोरत होती. तास दीड तास चाललं. मी एकदाही स्वतःची बाजू मांडली नाही. शेवटी दोघी फरशीवर पडलो, पंख्याकडं बघत.

मग म्हणाली, "घरी अम्मी शेजारणीला माझ्या निकाहचे कपडे दाखवत होती. मी तिच्यासमोर उभं राहून ओरडले, अम्मी, मयुरीनं मला फसवलं! तिनं ओढणीची घडी घातली." थोड्या वेळानं, "मला वाटलं, भांडायलाही आता तूच आहेस."

"मला माफ केलंस?"

"नाही. इतक्यात नाही. वेळ लागेल. पण तू जवळ राहा तोवर."

तिच्या केसांत धूळ होती स्टँडची. मी बसून तिची वेणी घालून दिली.

१९ मे, रविवार

कहकशाची आयडिया — त्या दोघी उत्तरेला गेल्या तर जाऊ देत. आपण पश्चिमेला जाऊ! तिनं समुद्र पाहिलेला नाही. तापीच्या काठाकाठानं चालत निघायचं, भुसावळपासून धरायचं, मग जळगाव, धुळ्याची हद्द, पुढं गुजरात, जिथं नदी संपेल तिथं थांबायचं. "आरक्षण नको, रजा नको, घरच्यांची परवानगी नको. यार, आपल्यासारखं भटकायला कुणाला मिळतं?" बोलताबोलता एकदम थांबली. "आणि त्या परत आल्या, तेव्हा आपण इथं असलो तर?"

हा विचार मलाही रोज येतो. दारात मी उभी आणि बाहेरून मी येतेय. नको रे बाबा! त्याआधी निघायचं.

२१ मे, मंगळवार

निघालो. म्हणजे हे लिहून झालं की निघणार. पिशवीत दोन ओढण्या, पाण्याची बाटली, कळण्याच्या चार भाकरी. आईनं स्वतःपुरत्या केल्या होत्या, त्यातल्याच. पंचांग बघितलं नाही.

आई फोनवर आहे. नेहमीसारखं मयुरीशी. पण आज चेहरा उतरलाय. "एकटीच? मग कहकशा कुठंय?... बरं, रडू नको. सावकाश ये." काय झालंय तिकडं कळत नाही. मी आईच्या पाया पडले. तिचा हात माझ्या डोक्यावरून गेला, कपाळावरची माशी हाकलायला उचलला होता तिनं. मी तो आशीर्वादच धरला.

वही कपाटात ठेवते. पाठीवर जास्त ओझं नको. कहकशा दारातून ओरडतेय, "चल गं म्हशे, ऊन वाढायच्या आत!" मला भीती वाटत नाहीये. खरंच नाही वाटत.

१४ जून, शुक्रवार

काल घरी आले. एकटीच. वही कपाटातून काढली. १ मेपर्यंतचं मी लिहिलंय. पुढचं मी लिहिलेलं नाही. अक्षर माझं आहे.

२ तारखेला दुपारी कहकशाचा फोन आला होता, ड्युटी रद्द झाली म्हणून. ३ ला आम्ही निघालो. काझाला, सतराव्या दिवशी, मी तिला हसनैनचं सांगितलं. याच शब्दांत. तिनं ऐकून घेतलं आणि सकाळच्या बसनं उतरून गेली. पुढचा ठरलेला प्रवास मी एकटीनं केला. फोन उचलत नाही. निकाह पुढच्या आठवड्यात आहे, मला बोलावणं नाही.

आईला विचारलं. ती म्हणते, महिनाभर घरात तिच्याशिवाय कुणीच नव्हतं.

चार वेळा वाचलं सगळं. त्या दोघी अजून परत आलेल्या नाहीत. मला त्यांच्याबरोबर जायचं होतं.